गाळाचं विरजण

गेल्या जानेवारीत आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पानं मान टाकली. बेसमेंटमधल्या त्या टाक्यांकडे एरवी कुणी फिरकत नाही. ऑपरेटर भाऊ सकाळी येतो, पंप बघतो, फिल्टर धुतो, संध्याकाळी जातो. त्या आठवड्यात मात्र लिफ्टपर्यंत सडक्या अंड्यांचा वास पोचला. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून भाऊनं मला गाठलं. "मॅडम, कल्चर मेलं ना जी. काळं होऊन राहिलं सगळं."

एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर, काम करणारे लोक 'कल्चर' म्हणतात ते टाकीतल्या तपकिरी गाळाला. तो निरोगी असला की रंग कमी दुधाच्या चहासारखा असतो आणि वास पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा. आमच्या टाकीत त्या दिवशी डांबरासारखं काळं पाणी होतं. कारणही लगेच कळलं. वीजबिल वाचवायला रात्री अकरा ते सकाळी सहा ब्लोअर बंद ठेवायचं ठरलं होतं. ब्लोअर म्हणजे टाकीच्या तळातून हवा सोडणारं यंत्र. रोज सात तास श्वास कोंडला गेला. गाळात वायू धरला, गाळ तरंगून वर आला आणि बराचसा पाण्याबरोबर बाहेर वाहून गेला.

ब्लोअर पुन्हा चोवीस तास सुरू झाला. आठ-दहा दिवसांत पाणी नितळ दिसू लागलं, वास गेला, लोक खूश झाले. मी अमोनिया तपासायचं किट लावलं, तर रंग गडद हिरवा. म्हणजे पाण्यात अमोनिया जवळजवळ जसाच्या तसा. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. कल्चर परत आलं होतं, तर मग हे एकच काम का अडलं होतं? या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक अख्खं शास्त्र समोर येतं. माणसानं बांधलेल्या जागेत, म्हणजे टाकीत, पाइपात, बायोगॅसच्या घुमटात सूक्ष्मजीवांची वस्ती कशी राहते आणि तिच्याकडून काम कसं होतं, याचं ते शास्त्र आहे.

सुरुवात विरजणापासून करते, कारण हा शोध खरोखर विरजणाचाच आहे. १९१२ साली गिल्बर्ट फाउलर नावाचे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्सचं एक प्रयोग केंद्र बघून मँचेस्टरला परतले. सांडपाण्यात हवा सोडली तर ते शुद्ध होतं, हे तिथे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून हवा सोडायला सुरुवात केली. शेवाळ वाढू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला. पहिल्यांदा पाणी पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. इतके दिवस कुठलं शहर थांबणार? पण या दोघांनी एक गोष्ट वेगळी केली. वरचं स्वच्छ पाणी ओतून दिलं, तळाशी बसलेला गाळ मात्र फेकला नाही. त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतलं. वेळ कमी झाला. पुन्हा तसंच केलं, आणखी कमी झाला. असं करत करत पाच आठवड्यांचं काम चोवीस तासांच्या आत आलं. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. आज जगभरातल्या बहुसंख्य मोठ्या शहरांचं सांडपाणी याच पद्धतीनं शुद्ध होतं. फाउलर पुढे १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

कालच्या दह्यातलं चमचाभर राखून आज दूध लावायचं, इतकी ही साधी युक्ती. दह्यात मात्र मोजक्याच प्रकारचे जिवाणू असतात. सांडपाण्याच्या गाळात हजारो प्रकारचे जीव एकत्र नांदतात.

गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की आधी दिसतात ते पुंजके. जिवाणू चिकट द्रव सोडतात आणि त्यात एकमेकांना धरून राहतात. पुंजक्यात दोऱ्यासारखे जिवाणूही असतात, ते घराच्या सळयांसारखं काम करतात. अवतीभवती घंटेच्या आकाराचे, देठावर डोलणारे एकपेशीय प्राणी असतात. ते सुटे जिवाणू खातात. भाऊला मी ते दाखवले तेव्हा तो बराच वेळ डोळा हटवेना. हे डोलणारे प्राणी दिसले की टाकीत हवा पुरेशी आहे असं समजायचं.

पुंजका मिलिमीटरच्या काही दशांशाएवढाच, पण त्यात दोन निराळी हवामानं असतात. बाहेरच्या थरातले जिवाणू प्राणवायू संपवून टाकतात, म्हणून गाभ्यापर्यंत तो पोचतच नाही. बाहेरचे जीव अमोनियाचं नायट्रेट करतात. आत हवेशिवाय जगणारे जीव तेच नायट्रेट वापरून नायट्रोजन वायू मोकळा करतात. एकाची टाकाऊ वस्तू ती दुसऱ्याची शिदोरी. कुणाचाही वाटा सुटा करून बघितला तर काम अर्धवट राहतं.

आणि पुंजके असतात म्हणूनच गाळ तळाशी बसतो. ही बाब क्षुल्लक वाटते, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. गाळ बसला नाही तर विरजण राखता येत नाही. दोऱ्यासारखे जिवाणू प्रमाणाबाहेर वाढले की पुंजके पिंजलेल्या कापसासारखे होतात आणि गाळ बसत नाही. पाणी शुद्ध करणारे सगळे जीव जागेवर असूनही प्रकल्प बुडतो. म्हणून ऑपरेटर रोज लिटरभराच्या काचेच्या नळकांड्यात गाळ घेऊन ३० मिनिटं ठेवतो आणि तो किती खाली बसला ते बघतो. प्रयोगशाळेत लाखोंची उपकरणं असली तरी या नळकांड्याइतकं झटपट उत्तर दुसरं काही देत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या नागपूरला जिवाणूंच्या या वस्तीचं महत्त्व इतर शहरांपेक्षा जरा जास्त आहे. शहराचं सांडपाणी नाग आणि पिवळी नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला आणि पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. आपण अंबाझरी तलावाच्या खाली जे सोडतो ते भंडाऱ्याच्या माणसांच्या दारात पोचतं. दुसरीकडे भांडेवाडीला शुद्ध केलेलं पाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं जातं, म्हणजे तेवढं धरणाचं पाणी वाचतं. यातला मोठा प्रकल्प रोज २० कोटी लिटर क्षमतेचा. वीज केंद्राला हे पाणी लागतं थंडाव्यासाठी. त्यात अमोनिया उरला तर तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या झिजतात. फॉस्फेट उरलं तर नळ्यांत क्षार साचतात, बुळबुळीत थर वाढतो. आपल्या घरातला पंखा फिरतो त्यामागे भांडेवाडीच्या जिवाणूंचाही थोडा हात आहे, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं आधी हसतात आणि मग वहीत लिहून घेतात.

भांडेवाडीच्या या प्रकल्पाची पद्धत मला विशेष आवडते. एकाच टाकीत पाणी भरायचं, हवा द्यायची, हवा थांबवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी काढून घ्यायचं, की पुन्हा पहिल्यापासून. सगळं संगणकाच्या वेळापत्रकावर. आर्डर्न आणि लॉकेट बाटलीत हाच क्रम हातानं करत होते. त्यात एक खुबी आहे. भरताना अन्नाची चंगळ, नंतर उपास, अशा आवर्तनात दोऱ्यासारख्या जिवाणूंपेक्षा पुंजक्यातले जिवाणू सरस ठरतात, कारण त्यांना चंगळीच्या वेळी भराभर खाऊन साठवता येतं. अभियंता इथे कुठल्याही जिवाणूला थेट हात लावत नाही. तो हवा किती, अन्न कधी आणि मुक्काम किती दिवस एवढंच ठरवतो. कोण टिकणार ते त्यातून ठरतं.

आता अभ्यासाकडे येते. वस्ती समजून घ्यायची तर दोन प्रश्न विचारावे लागतात. टाकीत कोण आहे? आणि कोण काय करतंय? हे दोन प्रश्न एकच आहेत असं समजण्यात विज्ञानाची बरीच वर्षं गेली.

पूर्वी पहिल्या प्रश्नाचं उत्तर बशीत मिळायचं. पोषक जेलीवर थेंब पसरायचा, वसाहती उगवल्या की मोजायच्या. अडचण अशी की गाळातल्या शंभर जिवाणूंपैकी फार तर पंधरा, कधी कधी एखादाच बशीत वाढतो. बाकीच्यांना शेजारी लागतात. कुणाला दुसऱ्यानं तयार केलेलं जीवनसत्त्व हवं, कुणाला अगदी कमी अन्न हवं. बशीत झटपट उगवणारे जिवाणूच टाकीचे मालक आहेत, असा समज त्यामुळे बराच काळ राहिला.

मग १९७७ मध्ये कार्ल वूज यांनी जिवाणूंची ओळख पटवायला त्यांच्या पेशीतला एक रेणू वापरला. प्रथिनं तयार करणाऱ्या यंत्रणेचा तो भाग प्रत्येक जिवाणूत असतो. त्याचं जनुक सुमारे दीड हजार अक्षरांचं. काही अक्षरं सगळ्यांत सारखी, काही प्रत्येक कुळाची निराळी. आधारकार्डच म्हणा. गाळातला सगळा डीएनए काढायचा, त्यातले हे तुकडे वाचायचे, की कुणालाही न वाढवता हजेरी लागते. नागपुरात वर्धा रोडला असलेली 'नीरी' १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून सुरू झाली. अशा डीएनए वाचनातून सांडपाण्यातल्या वस्त्यांचा अभ्यास करणारा गट तिथेही घडला.

या हजेरीतून निघालेलं सगळ्यात मोठं चित्र २०१९ सालचं आहे. २३ देशांतल्या २६९ प्रकल्पांमधून गाळाचे सुमारे बाराशे नमुने तपासले गेले. प्रत्येक शहराची वस्ती निराळी निघाली. जगभर बहुतेक ठिकाणी सापडणारे आणि कामाशी घट्ट जोडलेले गट निघाले अवघे २८. सगळ्या टाक्या मात्र काम जवळपास सारखंच करतात. माणसं वेगळी, गाव तेच, असा हा प्रकार.

पण हजेरी लागली म्हणजे काम झालं असं नाही, हे शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. डीएनए मेलेल्या पेशीतही असतो. काही जिवाणूंत ते ओळखजनुक एकदाच असतं, काहींत दहा-बारा वेळा. म्हणजे मोजणीत एकाच माणसाचे दहा मतदार होतात. म्हणून दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळ्या युक्त्या लागतात. त्यातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी युक्ती जड कार्बनची. निसर्गात बहुतेक कार्बनचं वजन १२ असतं, थोड्याचं १३. तेरा वजनाच्या कार्बननं बनवलेलं अन्न गाळाला खाऊ घालायचं. ज्यांनी ते खाल्लं त्यांचा डीएनए किंचित जड होतो. मग नळीत गरगर फिरवून जड डीएनए हलक्यापासून वेगळा काढायचा आणि फक्त तोच वाचायचा. ताटावर कोण बसलं होतं ते नव्हे, कोण जेवलं ते कळतं. एरवी पेशीतले आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या नकला, वाचून त्या क्षणी कुठली जनुकं चालू आहेत तेही बघतात. आणि बंद भांड्यात गाळ ठेवून त्याचा श्वास मोजणं, म्हणजे प्राणवायू किती वेगानं संपतो ते टिपणं, ही जुनी पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे.

काम आधी दिसतं आणि करणारा मागाहून सापडतो, असं या शास्त्रात वारंवार घडलंय. १९५९ मध्ये बंगळूरच्या त्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लै यांनी लिहिलं की काही गाळ सांडपाण्यातलं फॉस्फेट फार वेगानं शोषून घेतो. पुढे जगभर त्यावर प्रकल्प उभे राहिले. टाकीत आधी हवेविना काळ, मग हवा, असा क्रम ठेवला की गाळ फॉस्फेट गिळतो. ते करणारा मुख्य जिवाणू ओळखू यायला १९९० चं दशक सरत आलं. त्याला 'अ‍ॅक्युम्युलिबॅक्टर' हे नाव मिळालं. या अभ्यासाची मुळं आपल्या मातीत आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

अमोनियाची गोष्ट त्याहून चमत्कारिक. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी दाखवलं की अमोनियाचं नायट्रेट दोन टप्प्यांत होतं. एक जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. सव्वाशे वर्षं पुस्तकांत हेच होतं, मीही हेच शिकले. २०१५ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की 'नायट्रोस्पायरा' कुळातले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकट्यानं करतात. ते सापडले कुठे? एका गटाला माशांच्या टाकीच्या गाळणीत, दुसऱ्याला तेलविहिरीच्या पाइपातल्या बुळबुळीत थरात. म्हणजे दोन्ही वेळा माणसानं बांधलेल्या जागेतच.

आता आमच्या बेसमेंटचं कोडं सुटतं. साखर, पिठूळ पदार्थ, तेल, साबण खाणारे जिवाणू गाळात शेकडो प्रकारचे असतात आणि ते काही तासांत दुप्पट होतात. त्यातले अर्धे वाहून गेले तरी उरलेले जागा भरून काढतात. म्हणून दहा दिवसांत पाणी नितळ झालं. अमोनियावर जगणारे मात्र मोजक्याच कुळांचे. अमोनियातून त्यांना ऊर्जा इतकी थोडी मिळते की दुप्पट व्हायला सगळं अनुकूल असतानाही दिवसभर लागतो, प्रत्यक्ष टाकीत आणखी जास्त. त्यांना प्राणवायूही भरपूर लागतो, एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे साडेचार ग्रॅम. वस्तीत एका कामाला शंभर हात असतील तर दुसऱ्याला चारच असतात. म्हणून 'विविधता भरपूर आहे, काळजी नाही' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कुठल्या कामासाठी विविधता आहे, ते विचारायला हवं.

त्यात आणखी एक गोष्ट, गाळाचं वय. टाकीत गाळ वाढत राहतो, म्हणून थोडा रोज काढावा लागतो. रोज दहावा हिस्सा काढला तर गाळाचं वय दहा दिवस. जो जीव या वेगानं वाढू शकत नाही तो हळूहळू टाकीतून हद्दपार होतो. आमच्याकडे गाळ आधीच वाहून गेला होता, वर वास नको म्हणून भाऊला रोज जास्त गाळ काढायला सांगितलं होतं. अमोनियावाल्यांना पाय रोवायला वेळच मिळत नव्हता. आणि महिना जानेवारीचा. नागपूरची थंडी माणसाला गोड लागते, या जिवाणूंना मात्र ती मानवत नाही.

मे महिन्यात अडचण उलटी होते. पारा ४५ च्या वर गेला की सांडपाणीही तापतं. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ४० अंशांना साडेसहाही मावत नाही. जिवाणूंची भूक त्याच वेळी वाढलेली असते. म्हणून ज्या दिवसांत कूलर आणि एसीनं वीजबिल फुगलेलं असतं, त्याच दिवसांत ब्लोअरची गरज सगळ्यात जास्त असते. थंड देशाच्या हिशेबानं लिहिलेली पुस्तकं इथे जशीच्या तशी चालत नाहीत. भारतात सांडपाणी किती प्राणवायू खातं याची तपासणी २७ अंशांना तीन दिवसांत करायची पद्धत आहे, युरोपातल्यासारखी २० अंशांना पाच दिवसांत नाही. त्यामागे हेच कारण आहे.

संत्र्याच्या सालांबद्दल मला नेहमी विचारतात, तेव्हा तेही सांगून टाकते. नागपुरात साली इतक्या निघतात, तर बायोगॅसमध्ये का नाही टाकायच्या? थोड्या टाकता येतात. सालीच्या तेलात लिमोनीन असतं आणि ते जिवाणूंना मारक असतं. घुमटात एकामागून एक साखळी चालते. कुणी मोठे रेणू तोडतो, कुणी त्यांचं आम्ल करतो, शेवटी मिथेन करणारे येतात. शेवटचे सगळ्यात नाजूक. ते थांबले की आम्ल साचतं आणि अख्खी साखळी आंबते. तेल काढून घेतलेल्या साली, शेणात थोड्या थोड्या मिसळून, हळूहळू प्रमाण वाढवत दिल्या तर वस्ती सवय करून घेते.

शेणावरून आठवलं. भाऊचाही पहिला उपाय तोच होता. "दोन पाट्या शेण टाकू का मॅडम? सगळेच टाकतात." नवी टाकी सुरू करताना शेण टाकायची पद्धत आहे खरी. पण गायीच्या पोटातले जीव बहुतेक हवेविना जगणारे, आम्हाला हवे होते हवेत अमोनिया खाणारे. ताकाचं विरजण लावून इडलीचं पीठ फुगेल अशी आशा धरण्यासारखं ते झालं असतं. आम्ही शहरातल्या एका नीट चालणाऱ्या प्रकल्पातून टँकरभर ताजा गाळ आणला. तो आणतानाही घाई केली, कारण हवेशिवाय तोही काळा पडला असता. गाळ काढणं दोन आठवडे पूर्ण थांबवलं. पाण्याचा आम्लपणा वाढू नये म्हणून थोडा खायचा सोडा दिला, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि त्यानं तेच जिवाणू मंदावतात.

चौथ्या दिवशी किटचा हिरवा रंग फिका झाला. अकराव्या दिवशी तो पिवळा झाला, म्हणजे अमोनिया नावापुरता. सोसायटीच्या बैठकीत ब्लोअरच्या वेळेवर पुन्हा चर्चा निघाली, तेव्हा भाऊनं काचेचं नळकांडंच तिथे आणलं, टेबलावर ठेवलं आणि अर्धा तास सगळ्यांना गाळ बसताना बघायला लावला. आता तो रोज सकाळी बसलेल्या गाळाचा आकडा आणि शेजारी त्या दिवसाचं तापमान पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहितो. मेच्या पहिल्या आठवड्यात गाळाचा आकडा वर सरकायला लागला, म्हणजे गाळ नीट बसेना, तेव्हा त्यानं मला न विचारताच दुसरा ब्लोअर सुरू केला होता.